पऱ्हाटीचा श्वास आणि लेसरचा कान

जुन्या विहिरीतला गाळ काढायला उतरण्याआधी वऱ्हाडातली जाणती माणसे दोराला कंदील बांधून खाली सोडत. ज्योत विझली की त्या दिवशी कोणी उतरायचे नाही. हवेतला प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांच्या खाली गेला की रॉकेलची ज्योत टिकत नाही, आणि माणूस कोसळण्याआधी ती विझते. पण कंदिलाला एवढेच कळते. विहिरीत सडक्या गाळातून सुटलेला विषारी वायू थोडाच असेल, तर ज्योत शांतपणे जळत राहते आणि खाली उतरलेला माणूस परत येत नाही.

शेताच्या, गोदामाच्या आणि दवाखान्याच्या हवेबद्दल आज आपल्याला जे विचारायचे आहे, ते टक्क्यांच्या फार खाली घडते. हवेत मिथेन दशलक्षात साधारण दोन भाग आहे. नायट्रस ऑक्साइड त्याच्याही सहाव्या हिश्शाने, म्हणजे अब्जात सुमारे 335 भाग. झाडाला पाने-फळे गाळायला लावणारा इथिलीन वायू अब्जात शंभर भाग असला तरी पुष्कळ झाला. अब्जात एक भाग म्हणजे किती, हे जिनिंगवाल्याला लगेच समजेल. सरकीचा दाणा साधारण ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाचा असतो, तेव्हा हजार क्विंटल सरकीच्या ढिगात वेगळ्या रंगाचा एकच दाणा म्हणजे अब्जात एक. यालाच प्रयोगशाळेत एक पीपीबी म्हणतात. लेसरच्या साहाय्याने हा दाणा शोधण्याची तंत्रे गेल्या पन्नास वर्षांत इतकी पुढे गेली आहेत की शोधता येतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. अमरावती-अकोल्याकडे कोणत्या प्रश्नासाठी कोणते यंत्र आणावे आणि कोणत्यासाठी मुळीच आणू नये, याचा विचार मात्र व्हायला हवा. हा आढावा त्यासाठी.

सुरुवात युरियाच्या पोत्यापासून करू. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो नत्र असते. त्यातले सगळे पऱ्हाटीला मिळत नाही. आपली काळी जमीन विम्लधर्मी. तिच्या पृष्ठभागावर युरिया तसाच फेकला, तर त्यातला काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. पुढे जमीन पाण्याने भरली की मातीतले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. दिलेल्या नत्रातला सुमारे एक टक्का या वाटेने जातो, असे गणितासाठी जगभर धरले जाते. त्या हिशेबाने एका पोत्यामागे सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. आकडा किरकोळ वाटतो, पण शंभर वर्षांच्या मापाने या वायूची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट आहे. म्हणजे एका पोत्याचा भार जवळजवळ 89 किलो कार्बन डायऑक्साइडइतका.

हा एक टक्का जगाची सरासरी आहे. अकोल्याच्या काळ्या, फुगणाऱ्या, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणाऱ्या जमिनीचा तो आकडा नव्हे. शिवाय हा वायू रोज थोडाथोडा सुटत नाही. महिनोन्‌महिने तापलेल्या मातीवर मृगाचा पहिला पाऊस पडला की निजलेले जिवाणू काही तासांत जागे होतात आणि वायूची एक उसळी येते. खत दिल्यानंतर जोराची सर आली की दुसरी, पाणी साचून जमीन चिबडली की तिसरी. मोसमातल्या एकूण वायूचा मोठा वाटा अशा मोजक्या दिवसांत निघून जातो.

आठवड्यातून एकदा शेतात जाऊन, जमिनीवर उपडे घातलेल्या बंद डब्यातून सिरिंजने हवा काढायची आणि प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासायची, ही जुनी पद्धत. ती चुकीची नाही. जगातले बहुतेक आकडे तिच्यातूनच आले आहेत. पण मंगळवारी नमुना घेतला आणि पाऊस गुरुवारी रात्री पडला, तर ती उसळी कोणाच्याच वहीत उतरत नाही. माझ्या मते वऱ्हाडासाठी लेसरचे मोठे देणे हेच आहे की तो रात्रीही मोजतो, दर सेकंदाला मोजतो. सूक्ष्मतेचे कौतुक सगळेच करतात, या जागेपणाबद्दल फार कमी बोलले जाते.

लेसर मोजतो कसे? प्रत्येक वायूच्या रेणूला ठरावीक रंगांचाच प्रकाश गिळता येतो. हे रंग बहुतेक डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात येतात. लेसरचा रंग इतका शुद्ध असतो की शेजारच्या रेणूला न दुखवता एकाच रेणूच्या एकाच रेषेवर तो नेमका बसवता येतो. किती प्रकाश गिळला गेला, हे तीन गोष्टींवर ठरते: त्या रेणूची त्या रंगाची भूक, हवेतले त्याचे प्रमाण आणि प्रकाशाने त्या हवेतून कापलेले अंतर. प्रमाण तर आपल्याला शोधायचेच आहे. मग हातात उरते ते एवढेच की जास्त भुकेचा रंग निवडायचा, अंतर वाढवायचे किंवा मोजताना होणारा गोंगाट कमी करायचा. आजची सगळी तंत्रे या तीन वाटांच्या मिश्रणातून झाली आहेत.

भुकेचा रंग निवडण्याच्या वाटेवर पहिले मोठे नाव भेटते ते महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाचे. चंद्रकुमार नारणभाई पटेल, जगाला माहीत असलेले कुमार पटेल, 1938 मध्ये बारामतीत जन्मले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि नंतर अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे 1964 मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे ठेवला. हा लेसर पोलाद कापतो, म्हणून कारखानदारांना तो ठाऊक आहे. पण त्याचा प्रकाश 9 ते 11 मायक्रॉनच्या पट्ट्यात येतो, आणि निसर्गाचा योग असा की अमोनिया, इथिलीन आणि फॉस्फीन या तिन्ही वायूंची मोठी भूक याच पट्ट्यात आहे. शेतातला अमोनिया, झाडातला इथिलीन, धान्याच्या गोदामातला फॉस्फीन: वऱ्हाडच्या रोजच्या व्यवहारातले तीन वायू एका बारामतीकराच्या लेसरच्या टप्प्यात येतात, ही गोष्ट आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

पटेल स्वतः पोलादापाशी थांबले नाहीत. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना 1880 मध्ये असे आढळले होते की तुकड्यातुकड्यांनी प्रकाश पाडला की पदार्थातून आवाज येतो. प्रकाश गिळला की पदार्थ किंचित तापतो, फुगतो. प्रकाश थांबला की निवतो. हा फुगण्या-निवण्याचा ठेका म्हणजेच ध्वनी. वायूचेही तसेच. बंद नळीत लेसर ठेक्याने चालू-बंद करायचा आणि संवेदनशील मायक्रोफोन लावून ऐकायचे. आवाज आला तर वायू आहे, मोठा आला तर जास्त आहे. यालाच फोटोअकूस्टिक तंत्र म्हणतात. 1971 मध्ये क्रॉयझर आणि पटेल यांनी या तंत्राने हवेतला नायट्रिक ऑक्साइड टिपला. दोन वर्षांनी पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच यंत्रणा फुग्याला बांधून 28 किलोमीटर उंचीवर पाठवली. तिथे पहाटेपूर्वी नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ नव्हता. सूर्य वर आला तसा तो वाढत गेला. ओझोनच्या थराला हा वायू कसा झिजवतो, या तेव्हाच्या वादात या मोजमापाला मोठे वजन होते. तिथेही मोल होते ते घड्याळाच्या काट्याबरोबर चालणाऱ्या मोजणीचे.

फोटोअकूस्टिकचा गुण असा की त्याला लांब अंतर लागत नाही. ओंजळीत मावेल एवढी नळी पुरते. लेसर जितका ताकदवान तितका आवाज मोठा, आणि वायू नसला तर शांतता. इतर तंत्रांत भरपूर प्रकाशातली बारीकशी घट शोधावी लागते, इथे शांततेतला बारीक आवाज. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मायक्रोफोनच्या जागी मनगटी घड्याळात असतो तो क्वार्ट्झचा चिमटा वापरला गेला. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि बाहेरच्या खडखडाटाकडे जवळजवळ लक्षच देत नाही. जिनिंगच्या आवारात, ट्रॅक्टरच्या शेजारी, पंपाच्या खोलीत यंत्र ठेवायचे असेल तर ही बधिरता वरदान आहे.

अमोनियाची पुढची गोष्ट शेतातून थेट खारपाणपट्ट्यातल्या घरात जाते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार पिढ्यांची. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा गाव सोडून शहरात जाणारी माणसे तिथे नवीन नाहीत. मूत्रपिंड काम करीनासे झाले की रक्तात युरिया साठतो आणि श्वासातला अमोनिया वाढतो. 2001 मध्ये नरसिंहन, गुडमन आणि पटेल यांनी डायलिसिस चालू असताना रुग्णांच्या श्वासातला अमोनिया लेसरने मोजला. रक्तातला युरिया आणि क्रिअॅटिनीन जसे उतरत गेले, तसा श्वासातला अमोनियाही उतरत गेला. रक्त न काढता डायलिसिस कुठवर आले हे कळण्याची ही शक्यता मला फार मोलाची वाटते. तिला एक मर्यादाही आहे. तोंडातले जिवाणूही युरियापासून अमोनिया तयार करतात, म्हणून नुसत्या फुंकरीवरून कोणाला मूत्रपिंडाचा आजार आहे असे ठरवता येत नाही. गावोगाव शिबिर लावून फुंकर मारून रोग ओळखण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. डायलिसिसच्या खाटेशेजारी, त्याच रुग्णाच्या आधीच्या मापाशी तुलना करण्यासाठी, हे यंत्र खरे कामाचे. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रातही श्वासाच्या चाचण्यांवर लेसरचे चांगले काम झाले आहे, तेव्हा हे ज्ञान देशात आहेच.

इथिलीनबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण वऱ्हाडच्या दोन मोठ्या दुःखांशी त्याचा संबंध आहे: पऱ्हाटीची पातेगळ आणि संत्र्याची फळगळ. पाते किंवा फळ गळण्यापूर्वी देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर सुटा होतो. तो सुटा करण्याचा इशारा झाड स्वतःच इथिलीन सोडून देते. मुळाशी पाणी साचून त्यांचा श्वास कोंडला की हा इशारा वाढतो. ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली की धुऱ्यावरून चालताना पायाखाली पात्यांचा सडा दिसतो, त्यामागे हे घडलेले असते. वरूड-मोर्शीकडे आंबिया बहाराची फळे गळतात, त्यात बुरशी, कीड, अन्नद्रव्यांची कमतरता असे कितीतरी हात असतात. पण शेवटचा देठ सोडवणारा हात बहुधा इथिलीनचाच.

शेतकरी गळ दिसल्यावर वाढरोधकाची किंवा संजीवकाची फवारणी करतो. तोवर देठ सुटलेले असतात. गळ होण्याआधी काही तास किंवा दिवस झाड इथिलीन सोडू लागते, आणि कार्बन डायऑक्साइड लेसरवरचे फोटोअकूस्टिक यंत्र एका फांदीभोवतीच्या पिशवीतला अब्जात एका भागाहूनही कमी इथिलीन ओळखू शकते. नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठात फुले-फळे अशीच अभ्यासली गेली. हे यंत्र शेतकऱ्याच्या हाती द्यायचे नाही. ते परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. पण कोणत्या वाणाची पऱ्हाटी पाणी साचल्यावर किती तासांनी इशारा देते, फवारणी नेमकी कधी केली तर तो इशारा थांबतो, हे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर दोन-तीन हंगाम मोजले, तर शिफारशीतला दिवस अंदाजाचा राहणार नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून याच मातीत काम करते आहे. ही मोजणी तिथेच व्हायला हवी.

नायट्रस ऑक्साइड आणि मिथेन मात्र या लेसरच्या पट्ट्यातले नव्हेत. नायट्रस ऑक्साइडची भूक साडेचार मायक्रॉनजवळ. तिथे वर्षानुवर्षे चांगला लेसरच नव्हता. शिशाच्या क्षारांचे जे लेसर होते ते द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवावे लागत. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, शेतात त्याची कल्पनाही करवत नाही. 1994 मध्ये त्याच बेल प्रयोगशाळेत फेस्ट, कपासो आणि सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेसर बनवला. अर्धवाहकाचे अगदी पातळ थर एकावर एक रचले की इलेक्ट्रॉन पायऱ्यांवरून उतरल्यासारखा खाली येतो आणि प्रत्येक पायरीवर एक प्रकाशकण सोडतो. थरांची जाडी बदलली की रंग बदलतो, म्हणजे हव्या त्या रेणूसाठी लेसर घडवता येतो. आता असे लेसर खोलीच्या तापमानावर चालतात, आणि साडेचार मायक्रॉनजवळच्या एकाच लेसरने नायट्रस ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ एकदमच मोजता येते. मातीचा वायू आणि धुराचा वायू एकाच वेळी मिळाल्यामुळे शेजारच्या धुऱ्यावर कोणी पऱ्हाट्या जाळल्या तरी माप फसत नाही.

अंतर वाढवण्याची वाट वेगळी. दोन आरशांमध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा परतवायचा. 1988 मध्ये ओकीफ आणि डीकन यांनी दाखवलेल्या कॅव्हिटी रिंग-डाउन तंत्रात आरसे इतके चांगले असतात की लाख वेळा आपटून एकदाच प्रकाश निसटावा. 25 सेंटिमीटरच्या नळीत असे आरसे लावले तर प्रकाश सरासरी 25 किलोमीटर फिरतो, अकोल्याहून बाळापूरला जावे एवढा. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकल्याचा विक्रम झाला. या नळीत लेसर बंद केल्यावर पाव मिलिसेकंदात उरलेला प्रकाश नेमका तेवढाच रस्ता कापून झालेला असतो, आणि विसातला एक भाग अजून शिल्लक असतो. नळीत वायू असेल तर तो लवकर मावळतो. मावळायला लागलेला वेळ मोजायचा, बस. लेसरची तीव्रता थोडी कमी-जास्त झाली तरी या वेळेला फरक पडत नाही, म्हणून हे तंत्र वर्षानुवर्षांच्या नोंदीसाठी सर्वांत भरवशाचे. गोव्यातल्या काबो द राम इथे 1993 पासून समुद्रवाऱ्याचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरून तपासले गेले. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हरितगृह वायूंची मोजणी सुरू केली. ही ठिकाणे पश्चिमेकडची. समुद्रावरून येणारी हवा सह्याद्री ओलांडून, कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यावरून वाहताना काय उचलते, हे कळायला या पट्ट्याच्या मध्यावर एक तरी कायमचे नाक हवे. चिखलदऱ्याची उंची त्यासाठी मला योग्य वाटते.

कारखान्यांबद्दल थोडक्यात. पारसच्या 500 मेगावॉटच्या आणि नांदगाव पेठेच्या 1350 मेगावॉटच्या वीजकेंद्रांसारख्या ठिकाणी चिमणीच्या आरपार लेसर सोडून धुरातले वायू मोजणे हे जगभर रुळलेले तंत्र आहे. अमरावतीच्या सुकळीसारख्या कचरा डेपोवरचा मिथेन मोजायला एका कडेला लेसर आणि दुसऱ्या कडेला आरसा पुरतो. त्यासाठी दूरध्वनीच्या तारांसाठी बनलेल्या लेसरांचा स्वस्त भाऊ, 1.65 मायक्रॉनचा, चालतो.

आणि जिथे लेसर नको, तेही सांगायला हवे. अकोल्याच्या डाळ मिलांच्या गोदामांत किडीसाठी सल्फासच्या गोळ्या ठेवतात, त्यातून फॉस्फीन सुटतो. कामाच्या जागी त्याची मर्यादा दशलक्षात 0.3 भाग. लेसर त्याच्या कितीतरी पट खालचे मोजू शकतो, पण गोदामाचे दार उघडणाऱ्या हमालाला हवा खिशाला अडकवायचा, वाजणारा साधा विद्युत-रासायनिक गजर. तो लेसरच्या यंत्राच्या तुलनेत फार स्वस्त आहे आणि प्रत्येकाला देता येतो. एका मोठ्या यंत्रापेक्षा वीस गजर विकत घेणे इथे शहाणपणाचे.

मापावर विश्वास किती ठेवायचा, हे शिकायला मंगळापर्यंत जावे लागते. क्युरिऑसिटी या रोव्हरवर लेसरचे यंत्र आहे. वीस सेंटिमीटरच्या नळीत प्रकाश 81 वेळा परततो आणि 16.8 मीटर अंतर कापतो. त्याला गेल विवरात मिथेन अब्जात अर्ध्या भागाच्या आसपास, ऋतूप्रमाणे कमी-जास्त होणारा आढळला. कक्षेत फिरणाऱ्या युरोपच्या यानाला मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही दिसला नाही. दोन्ही यंत्रे उत्तम, माणसे काळजीची, तरी कोडे सुटलेले नाही.  पृथ्वीवरच्या यंत्राला निदान ठरावीक प्रमाणाच्या सिलिंडरवर परत परत पडताळता येते. हा सिलिंडर आणि त्याची वेळापत्रकातली जागा यंत्राच्या खरेदीबरोबरच मंजूर झाली पाहिजे. बाष्पाचाही हिशेब आहेच. वऱ्हाडची हवा मेमध्ये ठणठणीत कोरडी आणि जुलैत ओलीचिंब. बाष्पाने रेणूंच्या रेषा पसरतात, फोटोअकूस्टिकमध्ये आवाजाची उंचीही बदलते. म्हणून वाफ त्याच क्षणी मोजून दुरुस्ती करणारेच यंत्र घ्यावे. वीज जाते, तेव्हा बॅटरी हवी. कापसाची तूस उडते, तेव्हा हवा ओढणाऱ्या नळीला गाळणी हवी आणि ती आठवड्याला बदलणारा माणूसही.

यातले एकच काम आधी करायचे ठरवले, तर मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या दीर्घकालीन खत प्रयोगांचे वाफे निवडीन. तिथे कोणत्या तुकड्याला किती नत्र पडले आहे, याची वर्षानुवर्षांची नोंद आहे. त्यावर आपोआप उघड-मिट होणारे डबे आणि झोपडीत क्वांटम कॅस्केडचे एक यंत्र. अडचण मातीची आहे. काळ्या जमिनीत मेअखेर भेगा इतक्या खोल असतात की डब्याखालून हवा निसटते आणि वायू भेगेतून दुसरीकडेच वर येतो. पाऊस पडल्यावर डबे बसवले तर बसतात छान, पण तोवर पहिली उसळी निघून गेलेली असते. म्हणून डब्यांच्या कडा मेमध्येच, भेग मध्ये घेऊन, हातभर खोल गाडायच्या, भोवती माती चोपून पाणी मारायचे, आणि आभाळ भरून येण्याआधी यंत्र चालू करून ठेवायचे.